आवाज परत येईपर्यंत

सगळ्या शहराला तिचा आवाज ठाऊक होता, पण तिचा चेहरा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

बसस्थानकाच्या इमारतीत, जिन्याखालच्या एका चिंचोळ्या खोलीत ती बसायची. खोलीला एक खिडकी, खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडे गाड्यांचं भलंमोठं पटांगण. टेबलावर वाकड्या मानेचा माइक आणि त्याच्या पायाशी लाल बटण. बटण दाबून ती म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," की खांबांवरचे कर्णे तिचे शब्द उचलून पटांगणभर पेरून यायचे. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी तिचं खरं नाव केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं. ते तिला 'लक्षद्या' म्हणायचे. नव्याने बदलून आलेला कुणी विचारायचा, "ही लक्षद्या कोण रे?" तर जुना कंडक्टर तोंड गंभीर करून सांगायचा, "आपली मालकीण. तिने हाक मारल्याशिवाय इथली गाडी जागची हलत नाही. आता हाक मारली तरी हलत नाही, ती गोष्ट वेगळी."

तिला हे काम शिकवलं ते तिच्या आधीच्या निवेदकाने. निवृत्तीला टेकलेला, दम्याने बेजार झालेला माणूस. तिने पहिल्यांदा बटण दाबलं आणि घाबरून सगळं वाक्य एका दमात ओतून टाकलं. तो खुर्चीतून पुढे वाकला आणि त्याने तिचा हात बटणावरून अलगद बाजूला केला.

"पोरी, ती पलीकडची पत्र्याची भिंत दिसते का?"

पटांगणाच्या पार टोकाला, जिथे गाड्या दुरुस्त होत तिथे, पत्र्याची उंच भिंत होती.

"तू बोललीस की तुझा आवाज तिला जाऊन धडकतो आणि परत फिरतो. त्याला घरी येऊ दे. मग पुढचा शब्द बाहेर काढ. नाहीतर जाणारा आणि येणारा उंबऱ्यातच एकमेकांवर आदळतात, आणि प्रवासी बसतो भलत्याच गाडीत."

त्या दिवसापासून ती तसं बोलायला शिकली. तीन-चार शब्द टाकायचे आणि थांबायचं. विहिरीत पोहरा सोडावा, दोर सैल धरावा आणि पाण्याला लागल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभं राहावं, तसं. लांबून, जरासा पत्र्याचा खरखरीतपणा अंगाला लावून, तिचाच आवाज परत यायचा. "…लागत आहे." मग ती पुढे सरकायची. सुरुवातीला ती थांबायची ती प्रवाशांसाठी. पुढे वर्षं गेली, तसा तो थांबा तिच्या बोलण्यात मुरला, लोणच्यात मीठ मुरावं तसा. आत काय मुरलं आहे ते मग तिचं तिलाही वेगळं चाखता येईना.

लग्न तिने केलं नाही. जमलं नाही म्हणा, की जमवायला कुणाला सवड झाली नाही म्हणा. धाकटी बहीण लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि घरात आई आणि ती अशा दोघी उरल्या. वयाबरोबर आईचे कान मंदावले. ऐकलं ते बरोबर ऐकलं की नाही याची खात्री करायला आई प्रत्येक वाक्याचं शेपूट धरून परत म्हणायची.

"आज शेवटची गाडी फार उशिरा आली."

"उशिरा आली?"

"पाऊस होता घाटात."

"घाटात होता?"

धाकटी सुट्टीला यायची तेव्हा कपाळाला हात लावायची. "तुमच्या दोघींचं बोलणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा. ऐकणाऱ्याचं वय वाढतं मधल्या मध्ये." पण लक्षद्याला त्याचं काही वाटायचं नाही. दिवसभर एक भिंत तिचा आवाज परत द्यायची आणि संध्याकाळी आई.

मग स्थानकात यंत्र आलं. यंत्रात कुणा अनोळखी बाईचा गोड, गुळगुळीत आवाज भरलेला होता. ती बाई न थकता, न खोकता, गाडीमागून गाडी पुकारायची आणि कशासाठीही थांबायची नाही. लक्षद्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथूनच ती निवृत्त झाली. हारतुरे झाले. जुना कंडक्टर भाषणात म्हणाला, "आता आम्ही लक्ष कुणाकडे द्यायचं?" सगळे हसले, तीही हसली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली.

घर तेवढंच होतं, पण त्याचा स्वभाव बदलला. ती स्वयंपाकघरात म्हणायची, "दूध उतू गेलं वाटतं," आणि शब्द समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन तिथेच बसायचे. परत कुणी यायचं नाही. काही दिवसांनी तिने एकटीने बोलणं सोडून दिलं. वाण्याकडे "अर्धा किलो" आणि धाकटीला रविवारी फोनवर "सगळं ठीक", एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. सोमवारी सकाळी भाजीवालीशी बोलायला तोंड उघडलं की आधी घसा साफ करावा लागायचा. ज्या घशाने सगळं स्थानक उठवलं-बसवलं, त्याला आता गंज धरत होता.

बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयाची माहिती तिला तिच्या भाचीने दिली. धाकटीची ही मुलगी नोकरीला लागलेली, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. अंधांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ती ध्वनिमुद्रित करून ठेवणारी एक संस्था होती. वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी वाचायचं आणि आवाजाची फाइल पाठवून द्यायची.

"मावशी, तू फुकट बसून आवाज सडवू नकोस," भाची म्हणाली. "माझा जुना लॅपटॉप देते. माइक देते. घर बंद कर, पंखा बंद कर आणि वाच."

"मला कोण घेणार?"

"ज्या बाईचं ऐकून लोक सामानसुमान घेऊन धावत सुटायचे, तिला घेणार नाहीत?"

भाची एका शनिवारी आली आणि तिने सगळं मांडून दिलं. आतल्या खोलीत टेबल लावलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून जाड पांघरुणं दारावर टांगली. एक भिंत उघडी राहिली, म्हणून आईची गादी उभी करून तिला टेकवली. माइकची वायर एका स्वस्तातल्या, काड्यापेटीएवढ्या डबीत गेली आणि डबी लॅपटॉपला. तिने मावशीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाली, "बोल काहीतरी."

लक्षद्याने सवयीने सुरुवात केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आणि कानात, अर्ध्या श्वासाएवढ्या उशिराने, आवाज परत आला. "…लक्ष द्यावे."

तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"उशीर होतोय ना जरा?" भाची म्हणाली. "डबी स्वस्तातली आहे, तिचा दोष. त्रास होतोय का? नाहीतर हेडफोन काढून वाच."

"नाही नाही," ती घाईने म्हणाली. "राहू दे. छान आहे."

भाची गेल्यावर तिने फ्रिजसुद्धा बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. मग दुपारच्या शांततेत ती वाचायला बसली. वाचनालयाने चाचणीसाठी एका मधपाळाच्या आठवणींचं पुस्तक पाठवलं होतं. जाड पुस्तक. मधमाश्यांच्या पेट्या बैलगाडीत घालून फुलांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या माणसाचं आयुष्य त्यात होतं. एका ऐकणाऱ्याने ते मागितलं होतं म्हणे. ती चार शब्द वाचायची आणि थांबायची. आवाज परत यायचा. मग पुढचे चार शब्द. जणू खोलीत दुसरं कुणीतरी बसलं होतं आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट धरून तिला सांगत होतं, की हो, ऐकलं, पुढे सांग. ती वाचत राहिली. उठली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, आणि बंद फ्रिजमधलं दूध नासलं होतं. नासलेलं दूध ओतून देताना ती गुणगुणत होती. आई गेल्यापासून तिच्या तोंडून सूर निघाल्याचं कुणाच्या कानावर आलं नव्हतं, तिच्याही नाही.

तिने पहिलं प्रकरण पाठवून दिलं.

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. बाई स्वतः अंध. सगळ्या वाचकांचं काम त्याच ऐकून पारखायच्या. आवाज तरुण आणि बोलणं नेमकं.

"ताई, आवाज तुमचा फार चांगला आहे. इतका भरलेला आवाज आमच्याकडे दुसरा नाही."

"बरं."

"पण हे असं घेता येणार नाही."

लक्षद्याने समोरचं पुस्तक मिटलं.

"तुम्ही दर चार शब्दांनी थांबता. आणि थोडंथोडकं नाही, चांगलं थांबता. ताई, डोळस माणूस यंत्राकडे बघून ओळखतो, की दिवा लागलाय, म्हणजे चालू आहे. आमच्या माणसाला तेवढी शांतता झाली की वाटतं यंत्र बंद पडलं. तो चाचपडत बटण शोधायला लागतो. बटणाला हात लागतो न लागतो, तोवर तुम्ही पुढे बोलता. तो हात मागे घेतो. परत तुम्ही थांबता."

"मला थांबल्याचं कळलंच नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"तुम्ही कुणासाठी थांबता?" बाईंनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं.

"सवय आहे जुनी."

"महिनाअखेरपर्यंत परत वाचून पाठवा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. ते मागणारे आजोबा रोज फोन करतात. रागावू नका हं."

"नाही रागावले," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ आईच्या उभ्या गादीकडे बघत बसली. हे पुस्तक गेलं की परत वाणी, भाजीवाली आणि रविवारचं "सगळं ठीक" एवढंच राहणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाचीला विचारलं, तर भाची उसळली. "बघ, मी म्हटलं होतं ना डबीचा दोष आहे! उशिराने स्वतःचाच आवाज कानात आला तर कुणीही अडखळेल. चांगला इंटरफेस घे मावशी, म्हणजे ही माइक जोडायची डबी. ज्यात उशीर होत नाही असा. वाद्यांच्या दुकानात जा, आणि डबीचा रंग बघून घेऊ नकोस, ऐकून घे."

वाद्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. छताला गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात ढोलकांची उतरंड. दुकानदार पन्नाशीचा, पोट सुटलेला, कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा काउंटरवर शोधत असलेला.

"या मावशी. नातवाला गिटार का?"

"नातू नाही मला. इंटरफेस हवाय."

"कशासाठी?"

"पुस्तक वाचायला."

"पुस्तक वाचायला चष्मा लागतो. तो मलाच सापडत नाहीये."

"तुमच्या कपाळावर आहे. मला पुस्तक वाचून आवाज भरायचाय."

तो कपाळ चाचपून हसला, आणि तिथून त्याने तिला मनावर घेतलं. आधी एक लांबलचक पेटी काढली. पुढच्या बाजूला भोकांची रांगच रांग. "ही बँडवाल्यांची. आठ माणसं एकदम जोडता येतात."

"मी एकटीच आहे."

"मग ही नकोच. एकट्या माणसाला आठ खोल्यांचं घर कशाला? सात नुसत्या झाडायला?"

त्याने ते सहज म्हटलं. ती गिटारींकडे बघत राहिली.

मग त्याने दोन लहान डब्या काढल्या. एक काळी, तिच्या घरच्या डबीची थोरली बहीण. दुसरी राखाडी, विटेएवढी, हाताला जड, वर दोन-तीन गोल खुंट्या. दोन्ही आळीपाळीने दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि तिच्या कानांवर हेडफोन दिले. "माझ्या तोंडचं ऐकू नका. तुमच्या कानाला विचारा. एकदा यात बोला, एकदा त्यात."

काळीत ती बोलली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." अर्ध्या श्वासाने आवाज परत आला. तिचा चेहरा सैल झाला.

राखाडीत ती तेच बोलली. आवाज तोंडातून निघाला तेव्हाच कानात होता. स्वच्छ, जवळ, एकजीव. आणि मागे काहीच नाही. ती वाट बघत राहिली. काहीच आलं नाही.

"कोणती?" दुकानदाराने विचारलं. विचारतानाच तो राखाडी डबीचं खोकं काढायला वाकला होता.

"काळी."

तो वाकलेल्या जागीच थांबला. "काय?"

"काळी चांगली आहे. ही दुसरी बंद पडते. बोलून झालं की काहीच येत नाही."

"अहो मावशी," तो सरळ होत म्हणाला, "काही येत नाही यासाठीच तर तिची किंमत! माझी सगळी उमर गेली या दुकानात. गिऱ्हाईक येतं, रडतं, की काका, उशीर होतो, उशीर काढून द्या. उशीर घालून द्या म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. तुमच्या डॉक्टरने सांगितलंय का?"

"मला तशी सवय आहे."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने चेष्टा बाजूला ठेवली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोट ओढत तो सांगायला लागला, "हे बघा. तुमचा आवाज माइकमधून या डबीत येतो. डबीतून कॉम्प्युटरमध्ये. तिथे त्याला रांगेत उभं राहावं लागतं. रांगेतून सुटला की परत डबीत, आणि डबीतून तुमच्या कानात. रांग जेवढी लांब, तेवढा उशीर."

"रांगेचं मला सांगू नका. जन्म गेलाय त्यात."

"मग झालं तर. काळीची रांग लांब. राखाडीची आखूड. शिवाय राखाडीला एक आडवाट आहे. ही खुंटी या बाजूला फिरवली की तुमचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता थेट कानात येतो, रांगेची भानगडच नाही. त्या बाजूला फिरवली की मग कॉम्प्युटरकडून आलेला ऐकू येतो. कॉम्प्युटरमधली रांग लांब ठेवलीत, तर तुमचा लाडका उशीरसुद्धा मिळेल यात. पण आधी एक ऐका."

त्याने पुन्हा काळी डबी जोडली आणि तिला पुस्तकातलं काहीही वाचायला सांगितलं. तिला पहिलं पान पाठ झालं होतं. ती बोलली, चार चार शब्द. तो मान हलवत ऐकत होता. मग त्याने तिच्या कानांवरचे हेडफोन काढले आणि मुद्रित झालेलं दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं.

"मधमाशी घर सोडते तेव्हा," आवाज म्हणाला. आणि थांबला.

दुकानात शांतता पसरली. छताच्या गिटारी हलल्या नाहीत.

"मागे वळून बघत नाही," आवाज म्हणाला. आणि थांबला.

इतकी वर्षं या थांब्याच्या आतूनच ती बोलत आली होती. बाहेर उभं राहून तो तिने कधी ऐकला नव्हता. परत येणारा आवाज तिच्या कानात होता, मुद्रित झालेल्यात तो कुठेच नव्हता. ज्याच्यासाठी ती दर चार शब्दांनी सरकून जागा करत होती, त्याची जागा तिथे रिकामीच होती. एक बाई बोलत होती, बोलून वाट बघत होती, आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. अनोळखी बाई असती तर लक्षद्याला तिची दया आली असती.

"बंद करा," ती म्हणाली.

त्याने बंद केलं. मग खाली बघत, वायर गुंडाळत तो म्हणाला, "मावशी, राखाडी घेऊन जा. घरी लावून बघा. नाही पटली तर परत आणा, मी एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही?"

"बरं, दोन बोलेन."

राखाडी डबी टेबलावर आली. भाचीने फोनवरून वायर कुठली कुठे ते सांगितलं. दुपारी दार लावून, पंखा बंद करून, फ्रिज बंद करून लक्षद्या बसली आणि खुंटी आडवाटेच्या बाजूला फिरवून तिने पहिलं वाक्य वाचलं.

वाक्य संपलं आणि संपलं. विहिरीत पोहरा सोडावा आणि तळच नसावा, दोर नुसता हातातून सरकत जावा, तसं तिला झालं. पुढचं वाक्य कुठून सुरू करायचं ते कळेना. थांबलं तर शांतता, आणि धावलं तर धाप. तिने त्या दुपारी पुस्तकाचं पान चार वेळा सुरू केलं आणि चार वेळा टाकलं. कानातला आवाज इतका जवळ होता, की तो आपला एकटीचाच आहे हे विसरायला जागा उरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं जे कुणीही केलं असतं. खुंटी दुसऱ्या बाजूला फिरवली. कॉम्प्युटरमधली रांग भाचीला न सांगता लांब केली. "मधमाशी घर सोडते तेव्हा," ती म्हणाली, आणि कानात आलं, "…सोडते तेव्हा." तिने डोळे मिटले. मुद्रणाचं बटण तिने दाबलंच नव्हतं. ती नुसती बोलत होती. आज भेंडी जून निघाली, ती म्हणाली. …जून निघाली. धाकटीचे गुडघे दुखतात. …गुडघे दुखतात. असं तिने काय काय सांगितलं. बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, सायकलची घंटी वाजली. खोलीत दोघींचं बोलणं चालू होतं आणि दोघी एकच होत्या, हे तिला कळत होतं. पण कळलेलं जरा बाजूला ठेवता येतं माणसाला.

मग बोलता बोलता ती थांबली, तेव्हा का कोण जाणे, तिला तो हात दिसला. वाचनालयाच्या बाईंनी सांगितलेला. कुठल्यातरी खोलीतले, न बघितलेले ते आजोबा. त्यांना मधमाश्यांचं पुस्तक हवं होतं. त्यांचा हात टेबलावरून सरकत होता, यंत्राची कड शोधत होता, बटणापाशी जात होता. बंद पडलं का हे? परत लावू का? हात पुढे, हात मागे.

पत्र्याच्या भिंतीसाठी थांबायला तिला शिकवलं होतं ते का? प्रवासी भलत्या गाडीत बसू नये म्हणून. सगळी नोकरी तिने त्या एका गोष्टीवर काढली होती. तिच्या तोंडून चुकीचा फलाट कधी गेला नव्हता. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, पहिल्यांदा परगावी निघालेले, सगळे तिच्या शब्दावर पाऊल टाकायचे. आणि आता तिच्याच थांब्यापायी एक म्हातारा माणूस अंधारात बटण चाचपत बसणार होता, आणि ती इथे दार लावून स्वतःच्या आवाजाशी भेंडीच्या गोष्टी करत होती.

तिने खुंटी फिरवली. पार टोकापर्यंत फिरवली, जिथून पुढे ती फिरत नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. वाक्य संपलं की कान आपोआप टवकारायचे, दारात कुणाची चाहूल लागावी तसे. ती त्यांना ऐकू द्यायची नाही. वाक्य संपायच्या आत तिची नजर पुढच्या वाक्यावर पोचलेली असायची. तिने युक्ती काढली. थांबावंसं वाटलं की ती डोळ्यांपुढे तो हात आणायची, मांडीवर स्वस्थ पडलेला. तो उचलला जाता कामा नये. बस. जिथे मधपाळ श्वास घ्यायचा तिथेच ती श्वास घेई आणि जिथे तो चालत राही तिथे चालत राही. हळूहळू तिला कळायला लागलं की पुस्तकाला त्याची स्वतःची चाल आहे आणि ती कुठल्याही भिंतीची मिंधी नाही.

घर मात्र होतं तसंच राहिलं. वाचून झाल्यावर हेडफोन काढले की खोलीतली शांतता आधीपेक्षा मोठी वाटायची, लख्ख उन्हातून आत आल्यावर खोली अधिक काळोखी वाटते तशी. आवाज बाहेर पडत होता, कुठे जात होता ते मात्र दिसत नव्हतं. जाळीची खिडकी नव्हती, पटांगण नव्हतं, पिशव्या उचलून धावत सुटणारी माणसं नव्हती. म्हणून तिने स्वतःला एक सूट दिली. प्रकरणाचं शेवटचं वाक्य वाचून झालं की ती मुद्रण लगेच बंद करायची नाही. हात मांडीवर ठेवून बसायची. कशाची वाट बघते हे स्वतःला विचारायची नाही. आईच्या गादीवरचे निळे पट्टे बघायची. मग बटण दाबायची.

महिना संपायच्या आत तिने पहिली प्रकरणं पाठवली. वाचनालयाच्या बाईंचा निरोप आला, दोन शब्दांचा. "पुढचं पाठवा."

राखाडी डबी परत करायला लागली नाही, हे सांगायला ती मुद्दाम दुकानात जाऊन आली. दुकानदार तेव्हा पेन शोधत होता. ते त्याच्या कानावर होतं.

पुस्तक पुढे सरकत राहिलं. मधपाळाने माळ ओलांडले, पेट्या हरवल्या, परत मिळवल्या, म्हातारा झाला. शेवटचं प्रकरण पाठवल्यावर काही दिवसांनी बाईंचा फोन आला. आजोबांना पुस्तक पोचलं, दुसऱ्या पुस्तकाचं बघू, असं काय काय त्या बोलल्या. लक्षद्या "बरं", "हो" म्हणत होती. फोन ठेवायची वेळ आली तेव्हा बाई जरा रेंगाळल्या.

"ताई, एक विचारू? प्रकरण संपलं तरी तुमचं मुद्रण चालूच असतं. शेवटी किती वेळ नुसती शांतता."

लक्षद्याला चोरी पकडल्यासारखं झालं. "हो, ते… राहून जातं. काढून टाकत जा तुम्ही."

"काढतेच. ठेवून चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल यंत्र अडकलं."

"बरोबर आहे."

"कापते मी ते दर वेळी," बाई म्हणाल्या. "पण आधी ऐकते, मग कापते."

लक्षद्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. घसा साफ केला.

"त्यात काय ऐकायचं? काही नसतं त्यात."

"नसतं फारसं. तुमचा श्वास असतो. एकदा लांबून भंगारवाला ओरडला होता. एकदा तुम्ही खुर्ची सरकवलीत." बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "तरी ऐकते."

"पूर्ण ऐकता?"

"पूर्ण ऐकते."

ती काही बोलली नाही. बाईंनीही घाई केली नाही. मग दोघींनी फोन ठेवले, आणि लक्षद्या उठून स्वयंपाकघरात गेली, दुपारी सवयीने वाचायला बसली तेव्हापासून बंद राहिलेला फ्रिज चालू करायला.